शिडावरचं जहाज

लहानपणी मी टॉकीजला जायचो तो सिनेमासाठी नाही, सिनेमाच्या आधी लागणाऱ्या न्यूजरीलसाठी. डहाणूच्या टॉकीजमध्ये दिवे मालवले आणि पडद्यावर काळंपांढरं काहीतरी फडफडू लागलं, की अर्ध्या लोकांना शेंगदाण्यांची आठवण व्हायची. धरणं, परेड, पूर, हारतुरे, विमानाच्या पायऱ्या उतरणारे पाहुणे. लोक उठून बाहेर जायचे आणि मी त्यांच्या पायांमधून मान काढून बघत बसायचो. त्यातला आवाज मला फार आवडायचा. कुणी मेलं तरी आणि कुणी जिंकलं तरी तो माणूस सारख्याच थाटात बोलायचा, जणू जगातली प्रत्येक गोष्ट त्याला विचारूनच घडते आहे. पुढे मी चित्रकलेचा मास्तर झालो, पण त्या आवाजाने माझा पिच्छा सोडला नाही. डहाणूपासून तलासरीपर्यंत क्रिकेटचे सामने असोत की गरब्याचा बक्षीस समारंभ, माईक माझ्याकडे येतो. नाही आला तर मी त्याच्याकडे जातो.

हल्ली त्या जुन्या न्यूजरील फोनवर सापडतात. कुणीतरी कुठल्यातरी देशात तळघरातले डबे उघडून त्या सगळ्यांसाठी मोकळ्या सोडल्या आहेत, हे मला कळलं त्या दिवसापासून घरात माझा काही उपयोग उरलेला नाही. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी मी पंख्याखाली पडून एकामागून एक बघत होतो आणि एक परदेशी बंदर समोर आलं. ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला, आणि त्या चिखलात एक प्रचंड शिडाचं जहाज कलून पडलेलं. तीन डोलकाठ्या, पण एकीवरही कापड नाही. निवेदक तोंडात विडा धरून बोलावं तसं इंग्रजी बोलत होता. त्यातलं निम्मंच मला कळलं, पण उरलेलं दिसत होतं. माणसांनी त्या म्हाताऱ्या जहाजाला दोर बांधले, ओढत ओढत दगडी हौदासारख्या जागेत आणलं, हौदातलं पाणी उपसलं आणि ते कोरडं उभं राहिलं. मग त्याच्या पोटाशी फळ्या टांगून माणसं खरवडू लागली, घासू लागली, रंगवू लागली. जहाज एवढं मोठं, की माणसं मोदकाला लागलेल्या मुंग्यांएवढी दिसत होती. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, एक लाकडाची बाई कोरलेली होती. एक टोपीवाला कामगार शिडीवर चढून तिचं नाक पुसत होता. इतक्या हळू, जणू ती आत्ताच शाळेतून रडत घरी आली आहे.

शेवटी त्या जहाजाचं म्युझियम झालं. लोक रांग लावून आत गेले, देवळात चालावं तसे पायांचा आवाज न करता चालले, आणि दोरखंडांना हात लावून बघू लागले. आणि सगळ्यात शेवटी, एका दिवसापुरती, त्यांनी शिडं उलगडली. उंच आडव्या वाशांवर माणसं ओळीने उभी होती. त्यांनी एकदम काहीतरी सोडलं आणि वरून पांढरं आभाळ खाली आलं.

माझ्या चहावर साय धरली होती. बायकोने माझा चेहरा बघून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, गेलं कोणी नाही, कुणीतरी राहिलं. आणि म्हणता म्हणता मला जुनी आठवली. ती मात्र शनिवारी जाणार होती.

जुनी म्हणजे आगरला राहणाऱ्या माझ्या मामाचा मचवा, शिडावर चालणारी लाकडी होडी. तिला खरं नाव आहे, पण मामेभावाने इंजिनाची बोट घेतली तेव्हापासून घरात ती नवी आणि ही जुनी, एवढंच चालतं. माझ्या आजोबांच्या काळात ती डहाणूच्या खाडीतून गवताचे भारे आणि लाकडं घेऊन मुंबईपर्यंत जायची. मामाने तिच्यावर मासेमारी केली. तो तिचा तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा असतो तो माणूस. मग शिडाचे दिवस संपले आणि जुनी सुरूच्या झाडांखाली वाळूवर येऊन बसली, ती कायमची. नाळ गावाकडे, पाठ समुद्राकडे.

पण मामाने तिला नुसतं बसू दिलं नाही. दरवर्षी पावसाळा संपला की तो मुशी माशाच्या काळजाचं तेल काढायचा आणि तिला आतून बाहेरून माखायचा. हे तेल लाकडाला कीड लागू देत नाही. माणसालाही जवळ येऊ देत नाही. माझ्या मामेबहिणीला बघायला आलेले पाहुणे एकदा अंगणातूनच परत फिरले होते, असं मामी अजून सांगते, आणि ते स्थळ चांगलं होतं हेही सांगते. परदेशात हौद बांधून जे केलं, ते मामाने एका डब्यावर आणि एका चिंधीवर केलं होतं. फक्त त्याची न्यूजरील कोणी काढली नव्हती.

आता गुडघे त्याला वाकू देत नव्हते. गेल्या वर्षी जुनीला अर्धंच तेल लागलं. त्यातच मामेभावाने यंदा आधीच्यापेक्षा मोठी बोट घेतली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोट भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवावी लागते. नाहीतर काय होतं ते शेजाऱ्याच्या बोटीने मागच्या पावसात सगळ्यांना दाखवलं होतं. वर जागा एकच होती, आणि तिच्यात जुनी बसली होती. म्हणून ठरलं, पाऊस यायच्या आत जुनी फोडायची. मामेभाऊ माणूस वाईट नाही. त्याने हे जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. मामाही नाही म्हणाला नाही.

मात्र आमच्याकडे एक रीत आहे. होडी फोडायची असेल तर पहिला घाव तिच्या मालकाने घालायचा. त्याआधी तिच्या अंगाला दुसऱ्या कोणाचं लोखंड लागता कामा नये. जिने आयुष्यभर पोसलं तिला निरोप परक्याने देऊ नये, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे कुऱ्हाड मामाच्या हातात होती, आणि मामा ती काही उचलत नव्हता. आधी अमावास्या होती. मग कुऱ्हाडीला धार नव्हती. मग गुडघा. मग जुनीच्या पोटात एक कोंबडी रवणीवर बसली होती, आणि अंड्यांवर बसलेल्या बाईला उठवायचं पाप कोण घेणार? मामेभावाने एकवीस दिवस कळ काढली. पिल्लं बाहेर आली, आईमागून अंगणभर फिरायला लागली, आणि मामाजवळची कारणं संपली. शनिवार ठरला.

मी न्यूजरील बघितली ती त्याच आठवड्यात. दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून आगरला गेलो आणि पडवीत उभं राहून जाहीर केलं, की शुक्रवारी संध्याकाळी समुद्रकिनारी भव्य, मोफत, आंतरराष्ट्रीय चित्रपट. मामेभावाला माझा डाव लगेच कळला. तो म्हणाला, "दादा, सिनेमा दाखव, नाच, गा, काय करायचं ते कर. पण शनिवार तो शनिवार." मी म्हटलं, माझं काही म्हणणंच नाही. माझं म्हणणं नसतं तेव्हा घरातले जास्त सावध होतात, तसा तोही झाला.

प्रोजेक्टर माझ्या उधव्याच्या दोस्ताकडे होता. त्याची भातशेती आहे, नाचणी आहे, आणि लग्नसराईत मंडप आणि साउंडचा धंदा आहे. तिकडे गुजरात इतकं जवळ, की त्याचं एक वाक्य इकडे सुरू होतं आणि तिकडे संपतं. समुद्र त्याच्या घरापासून तासाभरावर, पण आयुष्यात तो होडीत बसलेला नव्हता. टेम्पोतून स्पीकर उतरवता उतरवता तो जुनीपाशी गेला, तिच्या फळीवर तळहात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, हा साग आमच्या बाजूचा." त्याचे आजोबा बैलगाडीने लाकूड डहाणूच्या खाडीवर आणून टाकायचे म्हणे. ते लाकूड पुढे कुठे जातं ते आजोबांनी कधी बघितलं नव्हतं. आज नातू बघत होता, आणि हात काढत नव्हता.

सगळं होतं, फक्त पडदा नव्हता. दोस्ताचा पडदा एका वरातीत फटाक्याने जळला होता. चादरी लहान पडत होत्या. तेवढ्यात मामी म्हणाली, माळ्यावर शीड आहे की.

ते शीड खाली आलं तेव्हा पडवी भरून गेली आणि तरी ते संपेना. जाड सुती कापड, तांदळाच्या पिठीच्या रंगाचं, जागोजागी ठिगळं. मामाने दरवर्षी ऊन दाखवल्यामुळे त्याला बुरशीचा ठिपकाही नव्हता. मी म्हटलं, झकास, दोन बांबू रोवू आणि ताणून बांधू. मामाने शिडाचं टोक माझ्या हातातून काढून घेतलं. तो म्हणाला, "शीड धोतर नाही, दोरीवर वाळत घालायला. चढवायचं तर डोलकाठीवर चढवायचं." मी विचारलं, कुठल्या डोलकाठीवर? त्याने पडवीच्या छपराखाली बोट दाखवलं. इतकी वर्षं जिच्यावर मामी टॉवेल वाळत घालत होती ती जुनीची डोलकाठी होती. तिच्या शेजारी परबाण, म्हणजे शीड जिला बांधतात ती लांब तिरकी काठी.

मग जे झालं ते बघून मला माझ्या माईकची लाज वाटली. आगरचे म्हातारे, ज्यांना मी नाक्यावर बसून फक्त खोकताना बघितलं होतं, ते एकेक करून आले. बोलावलं कोणी नव्हतं. डोलकाठी घराबाहेर निघते आहे ही बातमी वाऱ्याने गेली असणार. कोणी तिचा बुंधा धरला, कोणी दोर, कोणी जुनीत चढून खाली वाकला आणि डोलकाठी जिथे रोवायची ती खाच हाताने साफ करू लागला. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. ओढायची हाळी एकाने दिली आणि बाकीच्यांच्या घशातून तिचं उत्तर आपोआप आलं, जसं आरतीत येतं. डोलकाठी हळूहळू उठली, सुरूच्या शेंड्यांना बाजूला सारत वर गेली आणि धाडकन खाचेत बसली. माझा दोस्त नुसता वर बघत होता. त्याची मान परत खाली यायला बराच वेळ लागला.

मामाने आणखी एक अट घातली. शीड चढतं तेव्हा तांडेल सुकाणूपाशी असतो. तेव्हा तोही तिथेच बसणार. मी सांगून बघितलं, मामा, तू शिडाच्या मागे बसलास तर तुला सिनेमा दिसणार कसा? तो म्हणाला, दिसेल तेवढा दिसेल. दोघांनी धरून त्याला जुनीत चढवलं. आता एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. फोडणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी जाता यावं म्हणून मामेभावाने आदल्याच दिवशी जुनीच्या खालची वाळू काढली होती, तिला थोडं वळवता यावं म्हणून पोटाखाली गोल ओंडके सारले होते आणि दोन्ही अंगांना टेकू लावले होते. खाली ओंडके, वर शीड. अख्खा गाव तिथे उभा होता, आणि हे दोन्ही एकाच वेळी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवेलागण झाली. पश्चिमेची तांबडी रेघ पुसली गेली. लोक जुनीच्या समोर वाळूत चटया टाकून बसले, त्यांच्या मागे मामेभावाचं अंगण, अंगणात पत्र्याची शेड, शेडखाली त्याची जिवापाड जपलेली पिकअप. दोस्ताने प्रोजेक्टर लावला, मी मूळ आवाज बंद केला आणि माईक हातात घेतला. त्या विडेवाल्या निवेदकाला मी लहानपणापासून ओळखत होतो. आज त्याची जागा माझी होती.

आणि काय सांगू, मी बोललो. चिखलातलं जहाज आलं तेव्हा मी सांगितलं, की हे परदेशातलं आगर. लाकडी बाईचं नाक पुसणारा आला तेव्हा सांगितलं, की हा तिथला गुरव, रोज सकाळी आंघोळ करून येतो आणि तिची ओटी भरतो. म्युझियमच्या रांगेला मी महालक्ष्मीच्या यात्रेची रांग म्हटलं आणि पाळणे फ्रेमच्या बाहेर आहेत असंही ठोकून दिलं. लोक हसत होते, पण डोळे शिडावरून हलत नव्हते. कारण ते चित्र पडद्यावर पडल्यासारखं दिसतच नव्हतं. कापड जुनं, जाड, त्याला श्वास घेतल्यासारखी हालचाल. परदेशातलं ते जहाज आगरच्या शिडावर जिवंत झालं होतं. पुढे बसलेली मामी मध्येच शेजारणीला म्हणाली, "त्याच्या मधल्या काठीवर दिसतंय ना, ते ठिगळ माझं." शेजारणीने बघितलं आणि मान डोलावली. खरंच, तेवढ्या मोठ्या जहाजाची मधली डोलकाठी मामीच्या टाक्यांवर उभी होती.

चित्राला मात्र सुरकुत्या पडत होत्या. शेवटचा भाग, ती शिडं उलगडण्याचा, मला स्वच्छ हवा होता. मामेभाऊ बाजूला हाताची घडी घालून उभा होता. मी माईकवरून त्याला हाक मारली आणि शिडाच्या खालच्या टोकाचा दोर ओढून धरायला सांगितलं, पडदा ताठ कर म्हणून. तो आला, दोर मनगटाला गुंडाळला आणि मागे रेलून ओढला. सुरकुत्या गेल्या.

इंजिनावर वाढलेल्या पोराला आणि माईकवर वाढलेल्या मास्तराला एवढं कळलं नाही, की पडदा ताठ करणं आणि शीड वाऱ्यात धरणं ही एकच गोष्ट आहे.

पडद्यावर परदेशी माणसांनी वरून शिडं सोडली. त्याच क्षणी जुनीच्या पाठीमागच्या काळ्या समुद्रावरून संध्याकाळचा वारा आला, मे महिन्यात येतो तसा, एकदम आणि पोटभर. आमचं शीड फुगलं. त्याच्यावरची ती सगळी पांढरी शिडं फुगली. मोठं जहाज कापडातून बाहेर आलं, आमच्याकडे. त्याची नाळ आमच्या डोक्यांवर आली, ती लाकडी बाई खाली वाकून बघू लागली, आणि मी, ज्याला बोलायला कारण लागत नाही तो मी, गप्प झालो. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि बरंच काही बघितलं आहे, पण एवढं मोठं काही माझ्याकडे कधी चालून आलं नव्हतं.

मग जुनी कण्हली. लाकूड इतक्या वर्षांनी बोलतं तेव्हा तो आवाज पायांतून येतो. समोरचा एक टेकू निखळून पडला. माझा दोस्त प्रोजेक्टरमागून म्हणाला, "मास्तर, जोजो हां, सांभाळा, ही तर चालली." आणि जुनी चालली. पोटाखालचे ओंडके फिरले, नाळ उचलली गेली आणि ती वाळूवरून गावाकडे निघाली. फार नाही, हातभर, मग आणखी थोडी. पण वाळूवर बसलेल्या माणसाला हातभर म्हणजे काय ते विचारा. चटया, मुलं, मामी, मामीची शेजारीण, सगळे दोन्ही बाजूंना पांगले. पिल्लंवाली कोंबडी, जी जुन्या सवयीने जुनीतच झोपायला गेली होती, ती प्रोजेक्टरच्या उजेडातून उडाली, आणि क्षणभर त्या परदेशी जहाजावरून एक राक्षसी पक्षी गेला.

मामेभाऊ दोर सोडत नव्हता. सोडता येत नव्हता. दोराने त्याला दोन पावलं फरफटत नेलं आणि त्याचा चेहरा मला उजेडात दिसला. भीती नव्हती त्यावर. कोणीतरी ओळखीच्या माणसाने अचानक हात धरावा तसा तो दिसत होता.

तेव्हा शिडामागून मामाचा आवाज आला. मी त्याला आयुष्यभर ओळखतो, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. नुसता पोचणारा होता. "दोर ढिला. सावकाश. सोडू नको, दे तिला." मामेभावाने मनगट वळवून दोर दिला. शीड रिकामं झालं, फडफडलं, जहाज शंभर तुकडे होऊन परत कापडात गेलं. म्हाताऱ्यांनी परबाण खाली घेतली. जुनी थांबली, थोडी एका अंगाला कलून, उरलेल्या टेकूवर.

आम्ही मामाला उतरवायला धावलो. मला वाटलं होतं तो थरथरत असेल. तो सुकाणूवर हात ठेवून बसला होता आणि गालात हसत होता. मला आजही संशय आहे. धोतर आणि दोरीचं ते वाक्य, सुकाणूपाशी बसायची अट, नाळ कुठे आणि वारा कुठून येतो, हे सगळं त्याला आधी ठाऊक होतं की नव्हतं? मी विचारलं आहे. तो सांगत नाही.

त्याने एवढंच विचारलं, कोणाला लागलं का? कोणाला लागलं नव्हतं. मग म्हणाला, "ती घरी निघाली होती. तुम्हीच आडवे बसलात."

मामेभाऊ वाळूत बसला होता, तळहात उघडे धरून. दोराने कातडी लाल केली होती. मी शेजारी जाऊन बसलो. माफी मागावी की निवेदन करावं हे मला सुचत नव्हतं. तो हातांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "दादा, ती ओढते रे. इंजिनाला असं नसतं."

शनिवार उजाडला. ठरल्याप्रमाणे लोक जमले. मामीने जुनीच्या नाळेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पदर तोंडाला लावून बाजूला झाली. फोडणारी दोन माणसं आपली हत्यारं वाळूत टेकवून, रीत पाळत, लांब उभी होती. मामा बाहेर आला. हातात धार लावलेली कुऱ्हाड. आज त्याच्याजवळ एकही कारण नव्हतं आणि त्याने शोधलंही नाही. तो जुनीपाशी गेला, डावा हात तिच्या फळीवर ठेवला आणि कुठे घालायचा ते बघू लागला. बघतच राहिला. मी आयुष्यात माईकशिवाय इतका वेळ उभा राहिलेलो नाही.

तेवढ्यात अंगणातून इंजिनाचा आवाज आला. मामेभाऊ पिकअपमध्ये बसला होता. त्याने ती शेडखालून बाहेर काढली, मागे न बघता वळवली आणि सुरूच्या झाडांपलीकडे, भर उन्हात नेऊन उभी केली. खाली उतरला, दार लावलं आणि येऊन बापासमोर उभा राहिला. शेड रिकामी होती. जुनीची नाळ बरोबर तिच्याकडे होती.

मामाने शेडकडे बघितलं. मग मुलाकडे. मग कुऱ्हाड उचलली, वळला आणि बाजूला पडलेल्या सुरूच्या ओंडक्यावर पहिला घाव घातला. कुऱ्हाड तशीच रुतवून ठेवून तो मला म्हणाला, "भाचे, रात्री एक टेकू तुझ्या सिनेमाने पाडला. नवा तोडून दे."

मी तोडला. चित्रकलेच्या मास्तराने तोडावा तसा तोडला. बघायला काल सिनेमाला होती त्याहून जास्त गर्दी होती, आणि निवेदनाची जबाबदारी माझ्या दोस्ताने माझाच माईक घेऊन पार पाडली. माझ्या प्रत्येक चुकलेल्या घावाला त्याने मराठीत सुरुवात आणि गुजरातीत शेवट केला. फोडायला आलेल्या दोघांनी शेवटी दया येऊन ओंडक्याचं दुसरं टोक धरलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाने दोर लावून जुनीला अंगणात ओढलं. ओढताना कोणीतरी म्हणालं, शीड लावा, म्हणजे आपल्याला त्रास नको. मामीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने दोर दुप्पट जोराने ओढला.

आता जुनी पत्र्याच्या शेडखाली आहे. शेड आखूड पडते, त्यामुळे नाळ बाहेर राहते आणि पावसात भिजते. भिजू दे, म्हणतो मामा, तिला सवय आहे. पिकअपच्या सीटवर उन्हाळ्यात बसता येत नाही. मामेभाऊ टॉवेल घालून बसतो आणि त्याबद्दल बोलत नाही. दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा वास लांबूनच आला. तो जुनीच्या पोटाखाली उताणा पडून तेल लावत होता, आणि मामा खुर्चीवर बसून कुठे राहिलं ते काठीने दाखवत होता. मामी म्हणाली, आता या घरात कोणाचं लग्न व्हायचं उरलेलं नाही, तेव्हा लावा हवं तेवढं.

त्या दिवशी मामाने मला एक गोष्ट मागितली. सगळ्यांनी तो सिनेमा पुढून बघितला होता, त्याने एकट्याने शिडाच्या मागून. आता मला पुढून दाखव, म्हणाला. मी फोन लहान पडेल म्हणून दुसऱ्या दिवशी माझा लॅपटॉप घेऊन गेलो, पडवीत त्याच्या मांडीवर ठेवला, आणि या खेपेला एक शब्दही बोललो नाही. चिखल आला, हौद आला, नाक पुसणारा आला. शेवटी शिडं उलगडली. चित्र स्वच्छ होतं, एकही सुरकुती नव्हती, मामीचं ठिगळही नव्हतं. मामाने ते शांतपणे शेवटपर्यंत बघितलं. मी विचारलं, कसं वाटलं?

तो अंगणातल्या जुनीकडे बघत म्हणाला, "चांगलं आहे. पण मागून बघत होतो तेव्हा ते माझ्याबरोबर चाललं होतं. इथून नुसतं दिसतंय."